स्पॅनिश भाषकांना इंग्रजी उच्चार शिकवताना : नव्या मराठी स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या 4 कोटींहून अधिक आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत, आणि स्पॅनिश भाषकांची वस्तीही तिथेच दाट आहे. न्यू जर्सीतील एडिसनहून थोड्याच वेळात मोटारीने पोहोचता येणाऱ्या पर्थ अँबॉय शहरात तर बहुसंख्य रहिवासी लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. अशा गावांतील सार्वजनिक ग्रंथालये, चर्च आणि स्वयंसेवी संस्था प्रौढांसाठी मोफत इंग्रजी वर्ग चालवतात. त्यांना शिकवणाऱ्या माणसांची नेहमीच चणचण असते, आणि गेल्या काही वर्षांत या कामासाठी पुढे येणारी मराठी मंडळीही वाढली आहेत. व्याकरण आणि शब्दसंग्रह शिकवायला तयार पुस्तके मिळतात. उच्चारांच्या बाबतीत मात्र नवा स्वयंसेवक गोंधळून जातो, कारण विद्यार्थ्याचे नेमके कुठे अडते आहे हे कानाला कळले, तरी त्यावर उपाय काय करायचा हे कोणी सांगत नाही. मी ग्रंथालयाच्या अशाच एका वर्गात शिकवतो, आणि पहिल्या दिवसापासून जे हाताशी असते तर बरे झाले असते, ते येथे क्रमाने मांडतो आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इंग्रजीतील बहुतेक अवघड ध्वनी स्पॅनिश भाषकाच्या तोंडात आधीच कुठेतरी असतात, फक्त ते वेगळ्या जागी वापरले जातात. ते शोधून काढणे आणि विद्यार्थ्याला दाखवून देणे, हेच तुमचे मुख्य काम आहे.

1. वर्गात जाण्याआधीची तयारी

बहुतेक संस्था स्वयंसेवकाकडून फोटो असलेले ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पार्श्वभूमी तपासणीसाठी लेखी संमती आणि एक-दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ मागतात. अनेक ठिकाणी काही तासांचे प्रशिक्षणही सक्तीचे असते. ते टाळू नका. तुम्ही नोकरीच्या किंवा अवलंबिताच्या व्हिसावर असाल, तर विनावेतन सेवेबाबत तुमच्या व्हिसाचे नियम काय आहेत हे आधी तपासा आणि कोणतेही मानधन स्वीकारण्यापूर्वी सल्ला घ्या.

साहित्य फार लागत नाही :

- ध्वनिमुद्रण करता येणारा फोन
- हातात मावणारा छोटा आरसा
- पातळ कागदाची पट्टी
- रुंद रबरबँड, प्रत्येकासाठी एक
- जवळच्या उच्चारांच्या शब्दजोड्यांची चित्रे असलेले पत्ते
- उच्चार ऐकवणारा शब्दकोश; मेरियम-वेब्स्टर आणि केम्ब्रिज हे दोन्ही मोफत उपलब्ध आहेत

कान तयार करण्यासाठी आणखी एक साधन आवर्जून वापरा. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या स्पीच ॲक्सेंट आर्काइव्हमध्ये जगभरातील लोकांनी एकच इंग्रजी परिच्छेद वाचलेला ऐकता येतो. मेक्सिको, कोलंबिया, स्पेन अशा वेगवेगळ्या देशांतील स्पॅनिश भाषकांची वाचने एकामागून एक ऐका. पहिल्या तासाला जाण्याआधी अशी एक संध्याकाळ दिलीत, तर वर्गात कानावर पडणारी निम्मी वळणे ओळखीची वाटतील.

2. विद्यार्थी कोणत्या प्रांताचा आहे, ते विचारा

‘स्पॅनिश उच्चार’ नावाची एकसंध वस्तू नाही. नागपूरची आणि मालवणची मराठी कानाला वेगळी लागते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. स्पॅनिश तर वीसहून अधिक देशांत बोलली जाते. शिकवण्याच्या दृष्टीने पुढील फरक महत्त्वाचे आहेत.

स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागातील माणूस ‘ग्रासिआस’ हा शब्द जीभ दातांमध्ये आणून म्हणतो. इंग्रजीत ‘थिंक’ या शब्दाच्या आरंभी असलेला ध्वनी म्हणजे नेमका तोच. लॅटिन अमेरिकेत त्या जागी साधा ‘स’ येतो. अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस आणि उरुग्वेतील मोन्तेविदेओच्या परिसरातील लोक रस्त्याला ‘काये’ न म्हणता ‘काशे’ म्हणतात, त्यामुळे त्यांना ‘श’ शिकवावा लागत नाही. प्वेर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, क्यूबा इकडची मंडळी शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात किंवा त्याचा हलका ‘ह’ करतात, म्हणून त्यांच्या इंग्रजीतून अनेकवचनाचा ‘स’ नाहीसा होतो. याचे कारण व्याकरणाचे अज्ञान हे नसते, आणि तुम्ही अनेकवचनाचा नियम पुन्हा पुन्हा समजावत बसलात तर विद्यार्थी मनातून दुखावतो.

प्रांत विचारताना एक पथ्य पाळा. ‘तुम्ही कोणत्या गावचे?’ हा प्रश्न आपुलकीचा आहे. ‘इथे कसे आलात, कागदपत्रे कोणती आहेत?’ हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि त्या एका प्रश्नाने माणूस वर्गात येणे बंद करू शकतो. तसेच कोलंबियातील आणि मध्य अमेरिकेतील अनेक प्रौढ विद्यार्थ्यांना आपल्या अहो-जाहोसारखे आदरार्थी संबोधन अपेक्षित असते. स्पॅनिशचे चार शब्द तुम्ही बोलणार असाल, तर ‘तू’ऐवजी ‘उस्तेद’ वापरा.

3. आधी आपले तोंड तपासा

मराठी भाषक म्हणून आपल्याजवळ काही देणग्या आहेत आणि काही अडचणीही आहेत. दोन्हींची नीट नोंद घेतल्याशिवाय शिकवायला उभे राहू नये, असे माझे ठाम मत आहे.

देणगी अशी की, आपल्या कानाला अल्पप्राण आणि महाप्राण यांतील फरक जन्मापासून कळतो. इंग्रजीतील ‘पेन’, ‘टेन’, ‘की’ या शब्दांच्या आरंभीच्या व्यंजनातून हवेचा झोत बाहेर पडतो. स्पॅनिशमध्ये तो नसतो, त्यामुळे अमेरिकन कानाला ‘पेअर’ हे फळ ‘बेअर’ म्हणजे अस्वल असे ऐकू येऊ शकते. हा फरक तुम्हाला लगेच ऐकू येईल. मात्र भारतीय इंग्रजी बोलताना आपणही तो झोत सोडत नाही, म्हणजे जे ऐकू येते ते आपल्या तोंडून निघत नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘पेन’ म्हणा. पट्टी हलली नाही, तर आधी स्वतः सराव करा.

दुसरी देणगी ‘अ’ची. ‘कमळ’ या शब्दातील पहिल्या अक्षराचा जो स्वर, त्याच्या अगदी जवळचा स्वर इंग्रजीत पदोपदी येतो, आणि स्पॅनिशमध्ये तो नाहीच. तिसरी देणगी म्हणजे ‘रोज’ आणि ‘बाजार’ या शब्दांतील ‘ज’, जो इंग्रजी झेडच्या जवळ जातो. जिभेचे टोक कुठेही न टेकवता तो लांबवता आला, की झेड तयार झाला.

आता अडचणी. ‘वेस्ट’ असे लिहिले, तर ती पश्चिम दिशा की अंगात घालायची बंडी, हे आपल्या लिपीत कळत नाही. फरक दाखवायचा म्हणून आपण ‘व्हेस्ट’ लिहितो, पण तो ‘व्ह’ उच्चारताना नुसता श्वास मिसळतो, आणि इंग्रजी व्ही तसा नाही. इंग्रजी व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकून घर्षण झाले पाहिजे, आणि डब्ल्यूसाठी दात लांब ठेवून ओठांचा चंबू झाला पाहिजे. स्पॅनिश भाषकाला तुम्ही व्ही शिकवणार आहात आणि तो तुमच्या ओठांकडेच पाहणार आहे, तेव्हा आरशासमोर हे पक्के करा. त्याचप्रमाणे आपला ‘ट’ जीभ मागे वळवून होतो आणि स्पॅनिशचा ‘त’ दातांवर होतो. इंग्रजीची जागा या दोहोंच्या मध्ये, दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर आहे.

4. कशापासून सुरुवात करायची ते ठरवा

नवा स्वयंसेवक हमखास टी-एचपासून सुरुवात करतो, कारण तो ध्वनी ठळकपणे खटकतो. पण ‘थँक यू’ऐवजी ‘तँक यू’ म्हटल्याने कोणाचा गैरसमज होत नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील संशोधकांनी 1995 मध्ये चिनी भाषकांच्या इंग्रजीवर केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. बोलण्याची ढब परकी वाटणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. ढब ठळक असूनही प्रत्येक शब्द समजू शकतो. म्हणून प्रत्येक चुकीसमोर एकच प्रश्न ठेवा : यामुळे ऐकणाऱ्याला दुसराच शब्द ऐकू येतो का?

माझा क्रम असा असतो : प्रथम शब्दावरील आघात, मग स्वर, मग शब्दाच्या शेवटची व्यंजने, त्यानंतर आरंभीची व्यंजने, आणि सर्वांत शेवटी टी-एच व इंग्रजी आर. पुढे मात्र स्वर आणि व्यंजने आधी समजावून मग आघाताकडे वळलो आहे, कारण तो विषय मोठा आहे आणि त्यात या ध्वनींचे संदर्भ लागतात.

5. पाच स्वरांचे डझनभर स्वर करणे

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. अमेरिकन इंग्रजीत जोडस्वर सोडूनही डझनाच्या आसपास स्वर आहेत. त्यामुळे ‘कॅप’, ‘कप’ आणि ‘कॉप’ हे तीनही शब्द विद्यार्थ्याच्या तोंडून ‘काप’ असे एकसारखे येतात. देवनागरीने इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे केव्हाच स्वीकारली असल्यामुळे आपल्याला हा भेद स्वाभाविक वाटतो. विद्यार्थ्याला मात्र तो सुरुवातीला ऐकूच येत नाही, म्हणून बोलायला लावण्याआधी ऐकायला लावा. टोपी, पेला आणि पोलीस अशी तीन चित्रे टेबलावर ठेवा, तुम्ही शब्द म्हणा आणि त्याने फक्त बोट ठेवावे. दहापैकी नऊ वेळा बोट बरोबर पडू लागले, की मग उच्चार करायला सांगा. जबडा ‘कॅप’मध्ये खाली जातो आणि ओठ फाकतात, ‘कप’मध्ये तोंड सैल व अर्धवट उघडे राहते, हे आरशात दाखवा.

‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, ही जोडी सर्वत्र शिकवली जाते, पण बहुधा चुकीच्या पद्धतीने. र्‍हस्व-दीर्घाच्या सवयीमुळे आपण सांगून मोकळे होतो की एक आखूड आणि दुसरा लांब. खरा फरक जिभेच्या ताणात आहे. ‘शीप’मध्ये जीभ वर ताणलेली आणि ओठ हसल्यासारखे असतात, तर ‘शिप’मध्ये जीभ थोडी खाली येऊन सैल पडते. स्पॅनिशचा ‘ई’ पहिल्याच्या जवळ आहे, म्हणून शिकवायचा आहे तो दुसरा. विद्यार्थ्याला ‘ए’ म्हणायला सांगा, मग ‘ई’ म्हणायला सांगा, आणि नंतर त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आळसावून थांबायला सांगा. बहुतेक वेळा नेमका ‘शिप’चा स्वर निघतो. समुद्रकिनारा आणि चादर या अर्थाचे शब्द सैल स्वराने म्हटले की अपशब्द ऐकू येतात, हे मोठ्या माणसांना स्पष्टपणे आणि न हसता सांगून ठेवा. कामाच्या ठिकाणची नामुष्की टळते.

6. तोंडात आधीच असलेली व्यंजने

वर्गातील सर्वांत आनंदाचा भाग हा आहे.

*टी-एचचा मृदू ध्वनी.* ‘दे’, ‘धिस’, ‘मदर’ या इंग्रजी शब्दांत जीभ दातांना हलकेच स्पर्श करते आणि हवा वाहत राहते. स्पॅनिश माणूस ‘नादा’ हा शब्द म्हणतो, तेव्हा दोन स्वरांमधला त्याचा ‘द’ नेमका असाच असतो. होंडुरासहून आलेले, इमारतींना रंग देण्याचे काम करणारे एक गृहस्थ माझ्या वर्गात ‘मदर’वर आठवडे अडले होते. त्यांना ‘नादा’ सावकाश म्हणायला लावले, मधल्या ‘द’वर थांबून तो लांबवायला लावला, आणि तो तसाच धरून पुढे ‘-अर’ जोडायला सांगितले. दुसऱ्याच प्रयत्नात शब्द स्वच्छ निघाला. ‘हा तर आमचाच आहे,’ असे ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, आणि त्यानंतर टी-एचबद्दल त्यांच्या मनात भीती राहिली नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : हाच ‘द’ इंग्रजीतील ‘लॅडर’ या शब्दात शिरला, तर शिडीचा साबणाचा फेस होतो.

*झेड.* स्पॅनिशमध्ये झेड हा स्वतंत्र ध्वनी नाही, म्हणून ‘आइज’ म्हणजे डोळे आणि ‘आइस’ म्हणजे बर्फ एकच होतात. तरीही ‘मिस्मो’ आणि ‘देस्दे’ या शब्दांत पुढच्या मृदू व्यंजनामुळे ‘स’ आपोआप गुणगुणू लागतो. गळ्यावर बोटे ठेवून ‘मिस्मो’ म्हणायला सांगा. जिथे कंप जाणवतो तिथे झेड आहे. ही युक्ती मेक्सिकोच्या पठारी भागातील माणसाला लागू पडते, पण कॅरिबियन बेटांवरील माणसाला नाही, कारण तो ‘मिह्मो’ म्हणतो. त्याच्यासाठी लांब ‘स’ म्हणत मध्येच गळ्याचा आवाज सुरू करण्याचा सराव ठेवा.

*व्ही.* स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही ही अक्षरे दोन असली, तरी त्यांचा उच्चार एकच. विद्यार्थ्याच्या तोंडात ‘फोतो’चा ‘फ’ मात्र उत्तम असतो, दात बरोबर ओठावर असतात. तोच धरून ठेवायला सांगा आणि गळ्याचा आवाज जोडायला सांगा. बी लांबवता येत नाही, व्ही हवा तितका लांबवता येतो, ही कसोटी विद्यार्थी घरीही वापरू शकतो.

*श आणि च.* ‘शूज’ऐवजी ‘चूज’ येते. गप्प बसवताना आपण ओठांवर बोट ठेवून जो ‘श्श’ करतो, तो स्पॅनिश घरांतही करतात. तिथून सुरुवात करा. मेक्सिकन विद्यार्थ्याला ‘मिश्योते’ या मांसाच्या पदार्थाची आठवण करून द्या. त्यात हा ‘श’ आहे.

*वाय आणि जे.* ‘येस’चा ‘जेस’ होतो. ‘ई’ लांब म्हणून त्यावरून ‘एस’कडे घसरत यायला सांगा : ईईएस. जीभ टाळूला चिकटू द्यायची नाही, एवढेच सांगणे पुरते. हीच रीत डब्ल्यूला लावा. ‘वुड’च्या आधी लांब ‘ऊ’ म्हटला, की पुढे चिकटणारा ‘ग’ गळून पडतो.

*एच.* स्पॅनिश ‘खोता’, म्हणजे जे या अक्षराचा ध्वनी, घशात खरवडतो. आरशावर वाफ धरताना सोडतो तसा श्वास सोडायला सांगा.

*आर.* ‘पेरो’मधला एका ठोक्याचा ‘र’ इंग्रजी आर म्हणून परका वाटतो, पण समजतो. घाई करू नका. त्याचा उपयोग मात्र दुसरीकडे होतो. अमेरिकन माणूस ‘वॉटर’, ‘बेटर’, ‘सिटी’ या शब्दांतील टी म्हणून जो ध्वनी उच्चारतो, तो हाच. ‘बेटर’मधल्या टीच्या जागी ‘पेरो’चा ‘र’ ठेवायला सांगा. विद्यार्थी चकित होतो आणि आजूबाजूचे बोलणे त्याला अधिक समजू लागते.

7. शब्दाचा आरंभ आणि शेवट

‘एस्कूल’, ‘एस्पीक’ यांमागचे कारण असे की, स्पॅनिशमध्ये ‘स’ला जोडून दुसरे व्यंजन घेऊन शब्द सुरू होतच नाही, तिथे ‘एस्क्वेला’, ‘एस्पान्या’ असेच शब्द आहेत. स्पर्श, स्नान, स्कंद असे शब्द बालपणापासून म्हणणाऱ्या आपल्याला ही अडचण समजून घ्यायला धीर लागतो. उपाय म्हणजे आधीच्या शब्दाची मदत घेणे. ‘बस स्टॉप’ म्हणायला सांगा. ‘बस’चा शेवटचा ‘स’ पुढे वाहत जातो आणि ‘ए’ला जागाच उरत नाही. नंतर ‘बस’ मनातल्या मनात म्हणायला सांगा.

शेवटच्या व्यंजनांवर जास्त वेळ द्या. स्पॅनिश शब्दाच्या शेवटी स्वर, नाही तर न, स, र, ल, द यांसारखी मोजकीच व्यंजने येतात, त्यामुळे इंग्रजीतील शेवटची जोडाक्षरे कापली जातात आणि ‘फ्रॉम’चा ‘फ्रॉन’ होतो. भूतकाळाचा प्रत्यय यातच अडकतो. शाळेत शिकलेले कठोर आणि मृदू वर्ण इथे उपयोगी पडतात : कठोर वर्णानंतर तो प्रत्यय टीसारखा होतो, जसे ‘वॉक्ट’, मृदू वर्ण किंवा स्वरानंतर डीसारखा, जसे ‘प्लेड’, आणि टी किंवा डीनंतरच त्याचे स्वतंत्र अक्षर होते, जसे ‘वाँटेड’. विद्यार्थी सगळीकडे ‘वॉकेद’, ‘प्लेयेद’ म्हणतो, कारण स्पॅनिश जशी लिहितात तशीच वाचतात. म्हणून नवा शब्द आधी ऐकवा, म्हणवून घ्या, आणि त्यानंतरच फळ्यावर लिहा.

‘वॉक्ट’ जमत नसेल, तर त्यापुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवा : ‘वॉक्ट इन’ हे ‘वॉक्-टिन’ असे म्हणता येते. स्पॅनिश माणूस ‘लोस आमिगोस’ हे ‘लो-सामिगोस’ असे जोडूनच म्हणतो, त्यामुळे ही जोडणी त्याच्या सवयीची आहे.

‘बॅक’ आणि ‘बॅग’ यांतील फरकही शेवटच्या व्यंजनापेक्षा आधीच्या स्वरात अधिक ऐकू येतो. मृदू व्यंजनाआधी स्वर लांबतो. ‘बॅऽग’ लांबवायला शिकवलेत, तर शेवटचा ‘ग’ पुसट राहिला तरी शब्द कळतो.

8. आघात आणि लय

इथे गुरू-शिष्याच्या जागा काहीशा बदलतात. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान या बाबतीत मंद असतो. स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या अक्षरावर जोर दिलेला ‘तेर्मिनो’ म्हणजे शेवट किंवा संज्ञा, मधल्यावर दिला तर ‘मी संपवतो’, आणि शेवटच्यावर दिला तर ‘त्याने संपवले’. म्हणजे विद्यार्थ्याला आघाताची जाण तुमच्याहून चांगली आहे. त्याला फक्त इंग्रजीतील जागा माहीत नाहीत. सर्वांत फसवे असतात ते दोन्ही भाषांत असलेले शब्द : ‘डॉक्टर’, ‘हॉस्पिटल’, ‘ॲनिमल’, ‘कलर’. स्पॅनिशमध्ये या शब्दांचा जोर शेवटी असतो, इंग्रजीत पहिल्या अक्षरावर. ‘चॉकलेट’ तर स्पॅनिशमध्ये चार अक्षरांचे आहे. अशा शब्दांची यादी विद्यार्थ्याकडूनच करून घ्या.

जोर म्हणजे केवळ मोठा आवाज नव्हे, तर लांबी. रबरबँड दोन्ही अंगठ्यांत धरून जोराच्या अक्षरावर ताणायचा आणि इतर अक्षरांवर सैल सोडायचा. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या माझ्या एका डोमिनिकन विद्यार्थिनीची अडचण 315 आणि 350 या खोल्यांची होती. वॉकी-टॉकीवर ती एक सांगे आणि चादरी दुसऱ्या खोलीत पोहोचत. ‘फिफ्टीन’मधल्या ‘टीन’वर रबर पूर्ण ताणायचा, ‘फिफ्टी’मध्ये ‘फिफ’वर ताणून ‘टी’ला झटकन सोडायचा, असे तिच्याच मजल्यावरील खोल्यांचे क्रमांक घेऊन आम्ही करत राहिलो. तिचा शेवटचा ‘न’ आजही नाकातच राहतो, पण क्रमांक चुकत नाहीत. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्ये आणखी एक खूण मिळते : पहिल्यातील टी झोतासह येतो, दुसऱ्यातील टी अमेरिकन तोंडी ‘पेरो’च्या ‘र’सारखा हलका होतो.

जोर नसलेली अक्षरे आखडली पाहिजेत, ही दुसरी बाजू. ‘बनाना’ या शब्दात इंग्रजीत मधलाच ‘ना’ भरदार असतो आणि दोन्ही कडांना आपला ‘अ’ येतो. स्पॅनिशमध्ये तिन्ही ‘आ’ पूर्ण. वाक्यात याचा मोठा परिणाम होतो. ‘आय कॅन गो’ असे ‘कॅन’ पूर्ण आणि जोर देऊन म्हटले, तर अमेरिकन कानाला ‘कॅन्ट’ ऐकू येते, कारण होकारार्थी वाक्यात तो शब्द आखडून ‘कन’ होतो आणि जोर ‘गो’वर जातो. नकारात मात्र ‘कॅन्ट’ पूर्ण वाजतो. शनिवारी कामावर येणार की नाही, हे ज्यांना पर्यवेक्षकाला सांगावे लागते, त्यांच्याकडून हे पहिल्याच महिन्यात पक्के करून घ्या. आपण मराठी माणसेही ‘कॅन’ पूर्णच म्हणतो, तेव्हा सोबत स्वतःलाही तपासा.

9. तासाची आखणी

एका तासात एकच ध्वनी किंवा एकच आघाताचा नियम घ्या. आधी ऐकून ओळखणे, मग सुटे शब्द, मग विद्यार्थ्याच्या कामातील वाक्ये, आणि शेवटी मोकळे बोलणे. मोकळे बोलणे चालू असताना फक्त त्या दिवसाचा ध्वनी सुधारा, बाकीचे सोडून द्या. महिन्यातून एकदा प्रत्येकाकडून तोच परिच्छेद वाचून घेऊन ध्वनिमुद्रित करा, पण त्याआधी परवानगी मागा आणि मुद्रण शक्यतो त्याच्याच फोनवर ठेवा.

10. टाळायचे सापळे

- विद्यार्थ्याच्या उच्चाराची नक्कल करून चूक दाखवू नका. योग्य उच्चार दोनदा ऐकवा, तेवढे पुरते.
- सोबत आलेल्या मुलाला आईवडिलांचे उच्चार सुधारायला सांगू नका. वर्गात त्यांचा मान राहिला पाहिजे.
- ‘ढब पूर्ण घालवू’ असे आश्वासन देणाऱ्या महागड्या अभ्यासक्रमांपासून विद्यार्थ्यांना सावध करा. प्रौढ वयात ढब क्वचितच जाते, आणि जाण्याची गरजही नसते.
- ढबीमुळे नोकरी किंवा बढती नाकारली, असे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यान्वये मूळ देशावरून भेदभाव करण्यास बंदी आहे, आणि बोलण्याच्या ढबीमुळे प्रत्यक्ष कामात ठोस अडथळा येत असेल तरच मालकाला ती विचारात घेता येते. कायदेशीर सल्ला आपण देऊ नये; ग्रंथालयाच्या माहिती कक्षाकडून मोफत विधी साहाय्य केंद्राचा पत्ता मिळवून द्यावा.

11. पुढच्या ध्वनीकडे केव्हा जायचे

वर्गात तुमच्यासमोर शब्द बरोबर येणे ही कसोटी नव्हे, कारण काही आठवड्यांत तुमचा कान विद्यार्थ्याच्या बोलण्याला सरावतो आणि तुम्हाला सगळेच कळू लागते. खरी कसोटी फोनची, कारण तिथे ओठ दिसत नाहीत. दवाखान्यात वेळ घेणे, मुलाच्या शाळेत गैरहजेरी कळवणे, दुकान किती वाजता बंद होते हे विचारणे, असे त्याला खरोखर करायचे असलेले फोन वर्गात बसून करू द्या. पलीकडच्या माणसाने कोणता शब्द पुन्हा विचारला, एवढेच वहीत लिहून घ्या. पुढच्या तासाला तोच शब्द घ्यायचा, आणि सलग तीन फोनांत तो पुन्हा विचारला गेला नाही, की पुढचा ध्वनी सुरू करायचा.